ऊन लागलं म्हणून कूलरपुढे बसवलं: हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यातली सीपीआरची उजळणी

पार्श्वभूमी

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतला हा कारखाना शेडसाठी लागणारे लोखंडी सांगाडे बनवतो. कटिंग, वेल्डिंग, ग्राइंडिंग, पेंटिंग, सगळं एकाच लांबलचक पत्र्याच्या छपराखाली. कायम कामगार ११० आणि ठेकेदाराचे ७० च्या आसपास. दोन पाळ्या चालतात, ऑर्डर मोठी असली की तिसरीही. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. गेलेल्या कामगाराच्या घरच्यांना विचारूनच हे लिहिते आहे.

कागदावर इथे काहीच कमी नव्हतं. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४५ प्रमाणे दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी लागायची, आणि ती पेटी प्रथमोपचाराचं मान्य प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्यात असावी लागायची. इथे दोन पेट्या होत्या, त्यातलं सामानही ताजं होतं. प्रमाणपत्र घेतलेले अकरा जण होते. त्यांची प्रमाणपत्रं लॅमिनेट करून ऑफिसच्या भिंतीवर ओळीनं लावलेली होती.

त्या अकरा जणांचा प्रथमोपचाराचा आणि सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब देऊन रक्त फिरतं ठेवण्याचा, वर्ग मीच घेतला होता, घटनेच्या दोन वर्षं आधी. शहरातल्या एका एसी हॉलमध्ये, एक दिवसाचा. सरावाचा पुतळा एकच होता आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं आली. जेवण झालं, ग्रुप फोटो निघाला. त्या दिवशी घरी जाताना वर्ग चांगला झाला असंच मला वाटलं होतं.

त्या दुपारी काय घडलं

मे महिन्याचा मधला आठवडा. मे २०१३ मध्ये ज्या शहराचा पारा ४७.९ अंशांपर्यंत गेल्याची नोंद आहे, तिथे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी तीन वाजता काय होत असेल ते नागपूरकराला सांगायला नको. अर्ध्या कामगारांच्या खिशात कांदा असतो. कुणी भोवळ येऊन पडलं की बघणाऱ्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो, ‘ऊन लागलं.’

३ वाजून ११ मिनिटांनी ग्राइंडिंगवरचे एक कामगार, वय ४९, मशीन बंद करून दोन पावलं चालले आणि खाली कोसळले. पुढचं सगळं सीसीटीव्हीत आहे. ते चित्रीकरण मी नंतर कितीतरी वेळा पाहिलं.

दोघं धावले. एकानं ओरडून सांगितलं, ‘अबे, ऊन लागलं याले! पाणी आन!’ फोरमन आले. त्यांनी चौघांना हाताशी घेऊन कोसळलेल्या कामगाराला उचललं, स्टोअरजवळच्या मोठ्या कूलरपुढे नेलं आणि खुर्चीवर बसवलं. मान एका बाजूला कलली होती, ती एकानं मागून धरली. कॅन्टीनमधून कांदा फोडून आणला. तोंडावर पाणी मारलं, मग ग्लास ओठांना लावला. पाणी हनुवटीवरून शर्टावर ओघळलं. अधूनमधून त्यांच्या घशातून घोरल्यासारखा आवाज येत होता, जबडा वर-खाली होत होता. ‘श्वास चालू हाय, घाबरू नका,’ असं फोरमन दोनदा म्हणाले.

त्या घोळक्यात चौदा माणसं होती. त्यातली तीन माझ्या वर्गाला बसलेली.

वायरमन पोचला तेव्हा त्याला पॅनेल रूममधला शॉक ट्रीटमेंटचा तक्ता आठवला. तो तक्ता जुन्या पद्धतीचा होता, माणसाला उपडं निजवून पाठीवर दाब देण्याचा. तो म्हणू लागला, उपडं करा. कुणी ऐकलं नाही, ते बरं झालं. शेवटी शेडच्या दुसऱ्या टोकाकडून पेंट शॉपचे सुपरवायझर आले. हे अकरा जणांपैकी एक. त्यांनी ओठ निळे पडलेले पाहिले आणि ओरडले, ‘खाली निजवा, खाली!’ छातीवर पहिला दाब पडला तेव्हा कोसळून ६ मिनिटं ४० सेकंद झाले होते.

त्यांनी एकट्यानं आठ-नऊ मिनिटं दाब दिला. सहाव्या मिनिटानंतर त्यांचे हात कोपरातून वाकलेले दिसतात आणि छाती जेमतेम हलते. बाजूला उभ्या असलेल्यांपैकी कुणी ‘मी घेतो’ म्हणत नाही. त्यांना घ्यायचं नव्हतं असं नाही. घेता येतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

१०८ ला फोन चौथ्या मिनिटाला लागला, कारण आधी ‘साहेबांना विचारून लावतो’ झालं. पत्ता सांगताना ‘पाण्याच्या टाकीजवळ’ एवढंच सांगितलं गेलं. ॲम्ब्युलन्स मागच्या गेटला पोचली आणि त्या गेटला कुलूप होतं. फोनपासून माणसापर्यंत १९ मिनिटं गेली.

रुग्णालयात हृदय पुन्हा सुरू झालं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

अडचण नेमकी कुठे होती

आठवडाभरानं एचआर मॅडमनी मला बोलावलं. अकरा जण बेसिक विसरले असतील, तर तोच वर्ग पुन्हा घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. मलाही आधी तेच वाटलं. मी एकेकाला वेगळं बसवून बोलले आणि पुतळ्यावर हात ठेवायला लावले.

विसरले नव्हते, निदान बोलण्यापुरतं तरी नाही. तीस दाब, दोन श्वास, मिनिटाला १०० ते १२०, खोली पाच ते सहा सेंटिमीटर, हे जवळपास सगळ्यांनी न अडखळता सांगितलं. हातांची गोष्ट वेगळी होती. अकरातल्या चौघांचाच दाब पुरेसा खोल जात होता. दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्यायची असते, नाहीतर हृदयात रक्तच परत भरत नाही. हे बहुतेकांच्या हातातून निघून गेलं होतं. सीपीआरचं कौशल्य सराव नसला की वर्षभरही टिकत नाही, काही महिन्यांतच झिजायला लागतं. प्रमाणपत्रावरची मुदत मात्र दोन-तीन वर्षांची असते. हातांना त्या तारखेशी काही देणंघेणं नसतं.

पण त्या दुपारी खोली आणि वेग ही वेळच फार उशिरा आली. पावणेसात मिनिटं गेली ती हे ठरवण्यात की याला झालंय काय.

मी त्या तिघांना विचारलं, तुम्हाला येत होतं, मग सुरू का नाही केलं? त्यातला एक तरुण वेल्डर म्हणाला, ‘ताई, तुम्ही आमाले मेलेला पुतळा दिला होता. हा तं आवाज काढत होता.’

हे वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं. तो खरं बोलत होता. माझ्या वर्गात पुतळा आधीपासूनच उताणा, सपाट जमिनीवर, उजेडात ठेवलेला असायचा. मी म्हणायचे, ‘समजा हा बेशुद्ध आहे, श्वास नाही, करा सुरू.’ म्हणजे ओळखायचं काम मीच उरकून टाकत होते. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं माणूस अधूनमधून घोरल्यासारखा, मासा पाण्याबाहेर काढल्यासारखा आचके देतो. तो श्वास नव्हे. पाठ्यपुस्तकात ही ओळ आहे, मीही ती वाचून दाखवली होती. आवाज ऐकवला नव्हता.

त्यात नागपूरचा मे. उष्माघात खोटा नसतो. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं, माणूस बरळतो, बेशुद्ध पडतो, आणि तेव्हा अंगावर भराभर पाणी ओतून, बर्फ लावून थंड करणं हेच जीव वाचवतं. फोरमननी कूलर गाठला तो अडाणीपणानं नव्हे, अनुभवानं. पण ऊन लागलेलं असो की हृदय बंद पडलेलं, पहिले दहा सेकंद सारखेच असतात: खांदे हलवून हाक मारायची, छाती नीट हलते का बघायचं. हाकेला ओ नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर जिथे आहे तिथेच कडक जमिनीवर निजवून दाब सुरू करायचा. खुर्चीवर बसवलेल्या माणसाच्या छातीवर दाब देता येत नाही. आणि शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी गेलं तर ते श्वासनलिकेत उतरू शकतं.

कोणते पर्याय होते

एचआर मॅडम, प्लांट मॅनेजर, युनियनचे एक प्रतिनिधी आणि मी, असे आम्ही दोनदा बसलो.

पहिला पर्याय तोच जुना एक दिवसाचा वर्ग, त्याच अकरा जणांसाठी. खर्च ठरलेला, कागद पूर्ण. त्याच्या मी विरोधात होते आणि मॅनेजर बाजूनं. त्यांचंही म्हणणं चूक नव्हतं. पेटीसाठी प्रमाणपत्रवाले लोक कायद्यानंच लागत होते.

दुसरा, सगळ्या १८० जणांना तासाभराचं फक्त छातीवर दाब देण्याचं प्रशिक्षण. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकारानं स्थापन झालेल्या इंडियन रेससिटेशन कौन्सिलनं सर्वसामान्य माणसासाठी हीच पद्धत सुचवली आहे. ओळखा, मदत बोलवा, दाब द्या, लवकर रुग्णालयात पोचवा. तोंडाला तोंड लावण्याची भीड नाही, शिकायला सोपं. यात अडचण एकच, एका तासात शिकलेलं पुढच्या दिवाळीपर्यंत कुणाच्या हातात उरणार?

तिसरा, एईडी, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र, घेणं. किंमत लाखाच्या घरात. चौथा, हॉल सोडून शेडमध्येच, थोडं-थोडं पण दर महिन्याला.

मॅनेजरना महिन्याला पंधरा मिनिटं देणं जड वाटत होतं. शंभर जणांची पंधरा मिनिटं म्हणजे पंचवीस तास, असा हिशेब त्यांनी मांडला. युनियनचे प्रतिनिधी म्हणाले, ‘साहेब, त्या दिवशी तासभर प्लांट बंदच होता ना.’ मॅनेजर यावर काही बोलले नाहीत. सही झाली ती पुढच्या बैठकीत, सहा महिन्यांच्या बोलीवर.

ठरलं ते असं: अकरा जणांची प्रमाणपत्रं रीतसर नवी करायची, सगळ्यांना एकदा तासभर, आणि मग दर महिन्याला पंधरा मिनिटं. एईडी ‘पुढच्या बजेटमध्ये’. या शेवटच्या मुद्द्यावर मी मान डोलावली. त्याबद्दल पुढे लिहिते.

काय केलं

पहिली पाळी सुटते आणि दुसरी येते त्या सांध्यावर, दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी. पुतळा स्टोअरच्या कपाटात, किल्ली सिक्युरिटीकडे. दर वेळी जागा वेगळी आणि सुरुवातही वेगळी. एकदा माणूस खुर्चीवरून घसरलेला, एकदा आतून कडी लावलेल्या बाथरूममध्ये, एकदा वेल्डिंग केबलजवळ, म्हणजे हात लावायच्या आधी मेन स्विच. पडण्याचा अभिनय कुणीतरी कामगार करायचा. ओळखून झालं की त्याला बाजूला करून पुतळा ठेवायचा. जिवंत माणसाच्या छातीवर सरावासाठी दाब द्यायचा नाही, हा नियम मी पहिल्याच दिवशी तीनदा सांगितला.

काही वेळा पडणाऱ्याला मी मुद्दाम सांगायचे, नीट श्वास घे, फक्त डोळे मिट. तेव्हा दाब सुरू केला तर चूक, कुशीवर वळवलं तर बरोबर. काही वेळा मोबाइलवर त्या आचक्यांसारखा आवाज वाजवायचे. पहिल्या वेळी तो आवाज शेडमध्ये घुमला आणि माणसं गप्प झाली. त्या दुपारी हजर असलेल्या दोघांनी तोंड फिरवलं. हे मी आधी सांगून करायला हवं होतं.

शिकवणारी मी फक्त पहिले दोन महिने. नंतर कामगारांतूनच सहा जण तयार केले. सगळ्यांत तयारीचा निघाला तो वायरमन, ज्याला उपडं करायचं होतं. पॅनेल रूममधला जुना तक्ता त्यानं स्वतः उतरवला आणि नवा लावून घेतला. पुतळ्याशेजारी गुडघे टेकायला त्यानं पोतं दुमडून ठेवलं, कारण दुपारी फरशी भाजते. मोजताना तो तीस झाले की ‘बदली!’ असं ओरडायचा. मी त्याला सांगितलं, अरे दादा, दर दोन मिनिटांनी बदली. मग त्यानं मोबाइलवर ११० चा ठोका आणि दोन मिनिटांची घंटी लावली.

फोनची गोष्ट मात्र प्रशिक्षणानं सुटणारी नव्हती. मॅनेजरच्या सहीचा आदेश लागला: १०८ ला फोन करायला कुणाची परवानगी लागणार नाही, सफाई कामगारानं केला तरी चालेल, फुकट गेला तरी कुणी बोलणार नाही. प्रत्येक खांबावर प्लॉट नंबर, रस्त्याची खूण आणि ‘पुढचं गेट’ असं मोठ्या अक्षरात. सिक्युरिटीतला एक जण थेट रस्त्यावर जाऊन उभा राहणार.

‘बाई पडली तर?’

पेंट आणि पॅकिंगमध्ये चौदा बायका काम करतात. अकरा प्रमाणपत्रवाल्यांत एकही बाई नव्हती, आणि दोन वर्षांपूर्वी हे माझ्याही नजरेतून सुटलं होतं.

दुसऱ्या महिन्यात एका मध्यमवयीन फिटरनं हळूच विचारलं, ‘ताई, बाईमाणूस पडली तं हात कसा लावाचा? उद्या कोणी काही बोललं तं?’ दोघं-तिघं हसले, पण सगळ्यांचे कान माझ्याकडे होते. एक सूचना आली की बायकांचं बायका बघतील. ऐकायला सोपी होती. पण रात्री उशिरापर्यंत पेंटमध्ये एखादीच बाई असते. तीच पडली तर दुसरी कुठून आणायची?

उत्तर पॅकिंगमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या काकूंनी दिलं. ‘मले काही झालं तं ज्याचा हात आधी पोचन त्यानं दाबाव. लाजायचं मंग पाहू.’

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. चौदाही जणींना आधी शिकवलं, फक्त बायकांच्या वर्गात, म्हणजे त्या मोकळेपणानं विचारू शकतील. बांगड्या काचतात का, साडीत गुडघे कसे टेकायचे, ताकद पुरते का. ताकद पुरते, कोपर ताठ आणि खांदे हातांच्या बरोबर वर असले की अंगाचं वजनच काम करतं. काकूंचा दाब सुपरवायझरपेक्षा सरस होता. आणि मग पुरुषांच्या सरावात पुतळ्याला कुर्ता, ओढणी आणि गळ्यात पोत घातली. ओढणी सारायची, पोत बाजूला करायची, छातीच्या मधोमध हाडावर तळहाताची टाच ठेवायची. जागा तीच, दाब तोच. चार-पाच वेळा झाल्यावर कुणी हसेनासं झालं.

परिणाम

सहाव्या महिन्यात कुणालाही न सांगता चाचणी घेतली, दुपारच्या पाळीत. पडल्यापासून ५० सेकंदांत दाब सुरू, त्याआधीच फोनचा अभिनय झालेला, दोन मिनिटांनी हात बदलले. त्याच आठवड्यात रात्रपाळीत घेतली, तिथे तीन मिनिटांच्या वर गेले. रात्रपाळीच्या बऱ्याच जणांना मंगळवार दुपार मिळालीच नव्हती.

जानेवारीत खरा प्रसंग आला. ठेकेदाराचा एक बावीस वर्षांचा मुलगा जमिनीवर पडून थरथरू लागला. फिट होती. कुणीतरी चप्पल हुंगवायला आणली. पॅकिंगमधल्या एका मुलीनं त्याचा हात धरून थांबवलं. ग्राइंडर बाजूला सारला, डोक्याखाली जॅकेट दुमडून ठेवलं, तोंडात काही घातलं नाही, हातपाय दाबून धरले नाहीत, घड्याळ बघत राहिले. फिट थांबल्यावर श्वास तपासला, नीट होता, कुशीवर वळवलं. त्याला आधी कधी असं झालंय का हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून १०८ बोलावली. तो आठवड्याभरात डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन परत आला. दाब द्यायचा नाही हे त्या सगळ्यांनी ओळखलं, याचा मला फार आनंद झाला.

पुन्हा करायचं तर

एईडीवर मी मान डोलावली ती चूक होती. अशा वेळी दाबानं मेंदूला रक्त मिळत राहतं, पण हृदयाची बिघडलेली थरथर थांबवायला बहुतेकदा शॉकच लागतो, आणि दाब व शॉक दोन्हीशिवाय गेलेल्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. ॲम्ब्युलन्सला १९ मिनिटं लागलेल्या जागी मी यंत्रासाठी भांडायला हवं होतं. आता दरपत्रकं आली आहेत.

ठेकेदाराच्या माणसांना पहिले तीन महिने आम्ही बाहेर ठेवलं, कारण त्यांची पंधरा मिनिटं कुणाच्या हजेरीत धरायची हे ठरत नव्हतं. जानेवारीत पडला तो त्यांच्यातलाच. हा वाद पहिल्याच बैठकीत मिटवायचा होता.

आणि फोरमन. पहिल्या दोन मंगळवारी ते आले नाहीत. टाळताहेत असं समजून मी एचआरकडे तक्रारही केली. तिसऱ्या वेळी सगळे गेल्यावर ते एकटे आले आणि विचारलं, ‘मॅडम, मी कूलरपुढे बसवलं नसतं तं वाचला असता का?’ मी त्यांना खरं तेच सांगितलं: ते कुणालाच सांगता येणार नाही, डॉक्टरांनाही नाही. मग त्यांनी गुडघे टेकले आणि अर्धा तास दाब देत राहिले. त्या दुपारी तिथे हजर असलेल्यांशी प्रशिक्षणाच्या आधी, एकेकट्यानं, नुसतं बोलायला हवं होतं.

कूलरजवळची ती खुर्ची त्यांनी हलवली. तिथे फरशीवर माणूस निजेल एवढा पिवळा चौकोन रंगवून घेतलाय, आत लिहिलंय ‘इथे निजवा’. एईडीचं कपाट त्याच भिंतीवर बसणार आहे. रात्रपाळीची उजळणी आता वेगळी होते, पहाटे पावणेसहाला, पाळी सुटायच्या आधी. पहिल्या तीन मी घेते आहे, पुढच्या फोरमन घेतील.